मोजा काढून पाहिलास का?

पत्र :

मॅडम, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या ऑर्थोपेडिक वॉर्डात पोस्टिंग चालू आहे. मागच्या आठवड्यात खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा दाखल झाले, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा असेसमेंट फॉर्म मी भरला. 'त्वचा, केस, नखे' या रकान्यात 'नॉर्मल' लिहिलं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरना त्यांच्या डाव्या टाचेवर जांभळा डाग दिसला. इन्चार्ज सिस्टरनी सगळ्यांसमोर विचारलं, "मोजा काढून पाहिलास का?" मी काढला नव्हता. पाय हलवला की आजोबा कळवळत होते. शिवाय परक्या माणसाचं अंग उघडून बघायचं म्हटलं की मला फार अवघडल्यासारखं होतं. तेव्हापासून मला झोप नाही. खरं सांगायचं तर मोजा काढला असता तरी मला काही कळलं असतं का, कोण जाणे. पुस्तकात 'गुलाबी', 'लालसर', 'निळसर' असं लिहिलेलं असतं आणि आजोबांची त्वचा चांगलीच काळीसावळी आहे. आणि एका पाळीत इतके पेशंट असताना प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत बघायचं तरी कधी? माझी चूक किती, आणि आता मी काय करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर :

अगं, आधी त्या टाचेबद्दलच बोलू, कारण झोप तिनेच उडवली आहे.

खुब्याचं हाड मोडलेला माणूस तो पाय हलवत नाही. हलवला की कळ येते, म्हणून पाय तासन् तास एकाच जागी पडून राहतो आणि त्याचं ओझं टाचेच्या एवढ्याशा जागेवर येतं. टाचेत हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस असं फारसं नसतंच. खाली गादी, वर हाड, आणि त्या चिमट्यात सापडलेल्या भागाला रक्त पोचत नाही. इजा आत, हाडाच्या बाजूला सुरू होते आणि वरची कातडी तेव्हा धडधाकट दिसत असते. अशी खोल इजा जांभळ्या रंगाने वर उमटायला ४८ ते ७२ तास लागू शकतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी दिसलेला डाग तुझ्याच पाळीत पडला असेल असं नाही. पडल्यानंतर आजोबा किती वेळ जमिनीवर होते? स्ट्रेचरवर किती, एक्स-रेच्या कडक टेबलावर किती? हे त्यांना किंवा नातेवाइकांना अजून कुणी विचारलं नसेल तर तू विचार आणि उत्तर नोंदव. इजेचं मूळ तिथे असू शकतं.

म्हणून तुझी चूकच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. टाच बघायची राहिली, हे एक वेळ समजू शकते. न पाहिलेल्या जागेबद्दल तू 'नॉर्मल' लिहिलंस, ते मला खटकलं. पुढच्या पाळीची सिस्टर केस पेपर उघडते, तुझा शब्द वाचते, त्यावर विश्वास ठेवते आणि दुसऱ्या कामाला लागते. 'पाय हलवताना तीव्र वेदना, मोजे काढले नाहीत, टाचा पाहणे बाकी' एवढं लिहिलं असतंस तर दुपारी वेदनाशामक दिल्यावर कुणीतरी तो मोजा उतरवलाच असता. 'पाहणे बाकी' लिहिण्यात कमीपणा नाही. त्या दोन शब्दांनी कुणीतरी पुन्हा त्या पलंगापाशी जातं.

हे मी कोरड्या मनाने सांगत नाहीये. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अतिदक्षता विभागात होते. मोठं ऑपरेशन झालेली एक बाई तिथे बरेच दिवस बेशुद्ध होती. केस लांब आणि दाट. गुंता नको म्हणून आम्ही घट्ट वेणी घालून ती डोक्यामागे गुंडाळून ठेवली होती. रोज पाठ बघायचो, माकडहाड बघायचो, टाचा बघायचो. सहाव्या दिवशी उशीचा अभ्रा बदलताना त्यावर बोटाच्या पेराएवढा पिवळट, ओलसर डाग दिसला. वेणी सोडली. आतले केस एकमेकांना चिकटून त्यांची चकती झाली होती आणि चकतीखाली जखम होती. वेणीची गाठ सहा दिवस डोकं आणि उशी यांच्यामध्ये रुतत होती. बाई बरी होऊन गेली, पण त्या जागी केस पुन्हा आले नाहीत. सहाही दिवसांच्या नोंदींत 'केस व डोक्याची त्वचा : नॉर्मल' असं लिहिलेलं होतं. त्यातल्या तीन दिवसांचं अक्षर माझं.

तेव्हापासून मी पेशंटपाशी गेले की आधी मनात विचारते, याच्या अंगावर आत्ता काय काय झाकलेलं आहे? मोजे झाकतात, वेणी झाकते. डायपर, प्लास्टर, पट्ट्याही झाकतात. ऑक्सिजनची नळी कानामागच्या घडीवर रुतते, मास्क नाकाच्या हाडावर. लघवीच्या कॅथेटरची नळी मांडीखाली अडकली की तिचा वळ जसाच्या तसा उमटतो. स्थूल माणसाच्या पोटाची घडी, स्तनांखालची जागा, काखा, जांघा, पायांच्या बोटांच्या बेचक्या हे सगळं शरीराने स्वतःच झाकून ठेवलेलं असतं आणि ओल साठते ती तिथेच. उघडं दिसतं ते कुणीही बघतं. नर्सने झाकलेलं बघायचं असतं.

आता रंगाचं. तुझा हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण मनात तो अनेकींच्या असतो आणि विचारत कुणी नाही. पुस्तकांतली वर्णनं आणि चित्रं मुख्यतः गोऱ्या कातडीवरून केलेली आहेत, आणि जगातल्या बहुतेक माणसांची कातडी तशी नाही. यंत्रंही यातून सुटलेली नाहीत. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पल्स ऑक्सिमीटरचे आकडे आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी ताडून पाहिली. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने तो पुरेसा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. म्हणून गडद त्वचेच्या पेशंटचा आकडा बरा असला आणि माणूस मात्र धापा टाकत असला, तर आकडा बाजूला ठेवून माणसाकडे बघ.

गडद त्वचेत कुठे बघायचं ते सांगते. पहिल्यांदा त्या माणसाचा नेहमीचा रंग ठरव. दंडाची आतली बाजू उन्हात येत नाही, तिथे बघ. डावं-उजवं शेजारी ठेवून बघ. नातेवाइकांना विचार, "यांचा रंग नेहमी असाच असतो का?" आईला, बायकोला, नवऱ्याला जो फरक दिसतो तो तुला-मला दिसत नाही. आणि उजेड शक्यतो दिवसाचा घे. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात निळसर छटा असते, त्यात सावळी कातडी फसवते. खिडकीचा पडदा सरकवता येत असेल तर सरकव. नसेल तर टॉर्च घे.

रक्त कमी झालं की सावळा माणूस पांढरा पडत नाही. तो पिवळट-तपकिरी दिसतो. फारच गडद असेल तर राखेसारखा, तेज गेल्यासारखा. खात्री हवी असेल तर खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग बघ, जीभ बघ, तळहात बघ. ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला शोध. नुसती नखं निळी असतील तर ती थंडीनेही होतात. जीभ निळी असेल तर ते थंडीवर ढकलू नकोस, लगेच हाक मार. काविळीसाठी डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात बघायचा, हे तुला माहीत आहे. पण गडद त्वचेच्या माणसांत डोळ्याच्या कोपऱ्याकडचा पांढरा भाग एरवीही थोडा पिवळसर किंवा ठिपकेदार असतो. म्हणून बुबुळाला लागून असलेली पांढरी कड बघ आणि तोंड उघडायला लावून टॉर्चने वरची टाळू बघ. तीही पिवळी असेल तर बोल.

लालीचंही तसंच. गोऱ्या कातडीवर जी लाली दिसते ती सावळ्या कातडीवर जांभळट, करडी किंवा नुसतीच शेजारच्यापेक्षा गडद दिसते. दाबाने होणाऱ्या इजेची पहिली पायरी ओळखायला आपण बोटाने तीन सेकंद दाबतो आणि सोडतो. रंग उडून परत आला तर रक्त खेळतं आहे. उडालाच नाही तर इजा सुरू झाली आहे. गडद त्वचेत हे उडणं-परतणं नीट दिसत नाही. तिथे डोळे थांबव आणि हात कामाला लाव. हाताच्या मागच्या बाजूने टाचेची ऊब आजूबाजूशी ताडून बघ, मग दुसऱ्या टाचेशी. गरम आहे की गार? बोटांनी चाचपून बघ. शेजारच्यापेक्षा कडक लागते की पिकलेल्या फळासारखी मऊ, भुसभुशीत? विचार, दुखतं का. रंग कळला नाही तरी या गोष्टी कळतात, आणि त्या तुझ्या आजोबांच्या टाचेतही कदाचित रंगाच्या आधी कळल्या असत्या. पूर्वी आपण 'प्रेशर अल्सर' म्हणायचो. २०१६ साली अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळाने तो शब्द बदलून 'प्रेशर इंज्युरी' केला, कारण कातडी फाटून व्रण पडायच्या आधीही इजा झालेली असते. वॉर्डात सगळे 'बेडसोर' म्हणतात, म्हणू देत. 'सोर' दिसेपर्यंत थांबायचं नाही, एवढं पक्कं धर.

तुमच्या फॉर्ममध्ये ब्रेडन स्केल असेल, म्हणजे अशा इजेचा धोका गुणांत मोजणारी मोजणी. १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी ती मांडली. संवेदना, ओल, वावर, पलंगातली हालचाल, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टींचे गुण, एकूण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली आलं की पेशंट धोक्यात धरायचा. चांगलं साधन आहे, मन लावून भर. मात्र ते पुढे काय होऊ शकतं हे सांगतं. आत्ता टाचेवर काय आहे ते सांगत नाही. आकडा भरून झाला म्हणजे त्वचा बघून झाली, हा गैरसमज मी अनुभवी सिस्टरांमध्येही पाहिला आहे.

हातानेच कळणाऱ्या आणखी दोन गोष्टी. शरीरात पाणी कमी आहे का हे बघायला आपण कातडी चिमटीत धरून सोडतो. म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या पाठीवर हे करू नकोस. तिथली कातडी वयानेच सैल झालेली असते, पाणी भरपूर असलं तरी घडी तशीच उभी राहते. गळ्याच्या हाडाखाली किंवा छातीच्या मधल्या हाडावर बघ. आणि सूज बघताना नडगीवर किंवा घोट्यामागे अंगठा पाच सेकंद दाबून धर, मग खड्डा किती खोल पडला आणि किती वेळ राहिला ते बघ. झोपून असलेल्या माणसाचं पाणी पायांत उतरत नाही, माकडहाडावर साठतं. पाय सडपातळ दिसले म्हणून 'सूज नाही' लिहायचं नाही. कुशीवर वळवून कंबरेखाली दाबून बघायचं.

नखांवर मी थोडी रेंगाळणार आहे, मला त्यांचं कौतुक आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं फार तर त्याच्या निम्मं. त्यामुळे नखावर शरीराची तारीखवार नोंद राहते. एकदा एका पेशंटच्या दहाही नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच दिसली, बोटाने चाचपली तर पायरीसारखी लागत होती. नखाच्या मुळापासून जवळजवळ ९ मिलिमीटर पुढे. मी विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी मोठं दुखणं झालं होतं का?" तो चमकला. खूप ताप येऊन तो पंधरा दिवस पडून होता, आणि दाखल होताना त्याने ते सांगितलंच नव्हतं, कारण त्याच्या लेखी ते संपलं होतं. अशा खाचांना बोच्या रेषा म्हणतात. फ्रेंच डॉक्टर जोसेफ बो यांनी १८४६ साली त्यांचं वर्णन केलं. मोठ्या आजारात नखाचं मूळ काही दिवस काम थांबवतं, ती ही खूण.

चमच्यासारखं खोलगट नख दिसलं तर लोह कमी असल्याची शंका घे. बोटांची टोकं फुगून नखं गोलसर वळलेली असतील तर फुप्फुस किंवा हृदयाचा जुना आजार असू शकतो. ते तपासायला दोन्ही हातांची तीच बोटं नखांना नखं लावून समोरासमोर धरायला सांग. निरोगी माणसात मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसते. टोकं फुगली असतील तर ती फट बुजते. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना स्वतःलाच हृदयाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा त्यांच्या बोटांत ही फट बुजलेली त्यांनी पाहिली आणि १९७६ साली ते लिहून ठेवलं. स्वतःच्या आजारपणातही माणूस बघत राहिला, हे मी प्रत्येक बॅचला सांगत आले.

नखावर काळी-तपकिरी उभी रेघ दिसली तर घाबरू नकोस. गडद त्वचेच्या माणसांत अशा रेघा सर्रास असतात, आणि बहुधा एकापेक्षा जास्त नखांवर. पण एकाच नखावर नवी रेघ आलेली, रुंद होत चाललेली, किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर पसरलेला असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखव. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच त्वचेचा कर्करोग, मेलेनोमा, १९७७ साली निघाला. १९८१ साली ते गेले, वय अवघं ३६. गडद त्वचेत हा रोग मुख्यतः तळपाय, तळहात आणि नखं या जागी येतो, म्हणजे पुन्हा मोज्याच्या आत. तिळांसाठी तुम्हाला शिकवलेलंच आहे. दोन बाजू सारख्या नाहीत, कड वेडीवाकडी, रंग एकसारखा नाही, व्यास ६ मिलिमीटरच्या वर, आणि बदलत चाललेला. यातलं शेवटचं मी सगळ्यात वजनदार मानते. "हा असाच होता का?" एवढं विचारायला विसरू नकोस.

नखांना रंग लावलेला असेल तर निदान एका बोटाचा पुसून घे. नख दाबून सोडल्यावर रक्त दोन सेकंदांच्या आत परत भरतं का, हे नखाला लावलेल्या रंगातून दिसत नाही.

केसांबद्दल थोडक्यात. डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळणं हे गळणं नव्हेच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ जातात. पेशंट घाबरतो, बहुधा ते परत येतात, तसं त्याला सांग. भुवयांचा बाहेरचा तिसरा भाग विरळ आणि केस राठ झाले असतील तर थायरॉइडची शंका डॉक्टरांच्या कानावर घाल. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत आणि पाय गार असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांबद्दल बोल. अशा पायावर दाबाची जखम झटकन होते आणि भरायला फार वेळ घेते. कोंडा की लिखा हे कळत नसेल तर केसावरून बोट फिरव. कोंडा निघून येतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते. कानांमागे आणि मानेच्या वर बघ, आणि सापडल्या तर हळू आवाजात बोल. ऊ झाली म्हणून पेशंटला शरमेने मान खाली घालावी लागू नये, हेही आपलंच काम.

काही गोष्टींत मात्र फॉर्म तसाच ठेवून धावायचं. ताप आणि दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके. त्यावर काचेचा पारदर्शक पेला दाबून ठेव, आरपार तसेच दिसत राहिले तर थांबू नकोस. नवीन औषध सुरू झाल्यावर अंगावर फोड आणि तोंडात किंवा डोळ्यांत व्रण. गांधी उठून ओठ सुजणं आणि श्वास अडकणं. पायाची लाली तासातासाला पसरतेय आणि दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त. यातलं काहीही दिसलं तर नोंद नंतर.

संकोचाचं लिहिलंस ते बरं केलंस. संकोच तुला आहे तसा पेशंटलाही आहे, आणि तो घालवण्याचं काम तुझ्याकडे आहे. पडदा पूर्ण ओढ. हात धू आणि चोळून गरम कर. काय बघणार आहेस आणि का, ते आधी सांग : "आजोबा, झोपून झोपून टाचेला जखम होऊ शकते, म्हणून मोजा काढून बघते. दुखलं तर सांगा, थांबते." होकार मिळेपर्यंत थांब. एका वेळी एकच भाग उघड, बघून झालं की तो झाक आणि मगच दुसरा उघड. जांघ किंवा गुप्तांगाजवळ बघायचं असेल तेव्हा सोबत सहकारी घे, आणि पेशंटला पुरुष नर्स हवा असेल तर तशी सोय कर. नजर स्थिर ठेव आणि बोलत राहा. तू चाचरलीस की पेशंटला वाटतं, आपलंच काहीतरी ओंगळ आहे. तू सरळपणे बघितलंस की त्यालाही हायसं वाटतं.

वेळेबद्दल एवढंच, की त्वचेसाठी वेगळा तास शोधू नकोस, तो मिळणार नाही. बीपीचा पट्टा बांधताना दंड आणि कोपर बघून होतात. ऑक्सिमीटरची क्लिप लावताना नखं. सलाईनची सुई बघताना आजूबाजूची सूज. चादर बदलायला कुशीवर वळवलंस की खांद्याची पाती, पाठ, माकडहाड, खुबा, हे सगळं तुझ्यासमोर आहे. त्या वेळी दहा सेकंद थांब. स्पंजिंग, म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसणं, हे कंटाळवाणं काम म्हणून ज्युनियरवर ढकललं जातं, पण माणसाचं सगळं अंग उजेडात दिसण्याची ती एकच वेळ असते. मी तर इन्चार्ज झाल्यावरही नव्या पेशंटचं पहिलं स्पंजिंग शक्यतो स्वतः करायची.

आणि लिहिताना असं लिही, की न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहावं. उदाहरणार्थ : 'डाव्या टाचेच्या मागच्या बाजूस ३ × २ सेंमी जांभळा चट्टा. कातडी अखंड, फोड नाही, स्राव नाही. दाबल्यावर रंग जात नाही. आजूबाजूपेक्षा मऊ व कोमट. स्पर्शाने दुखते. उजवी टाच : कातडी अखंड, रंग व ऊब आजूबाजूसारखी, दुखत नाही.' अंदाजाने मोठा-लहान लिहू नकोस, मोजपट्टी खिशात ठेव. उद्या तो चट्टा ४ सेंमी झाला तर आजच्या ३ मुळेच ते कळणार आहे. फोटो काढायचा तर रुग्णालयाच्या नियमाने, परवानगी घेऊन. स्वतःच्या मोबाइलवर कधीही नाही.

आता आजोबांसाठी काय करायचं ते. इन्चार्ज सिस्टरना जाऊन भेट आणि सांग, की मी न पाहता लिहिलं होतं. जुन्या नोंदीत खाडाखोड करू नकोस. आजची तारीख-वेळ घालून नवी नोंद कर. घटनेचा अहवाल भरायचा असेल तर तो भरायला तूच पुढे हो. पोटरीखाली उशी लांबीच्या दिशेने अशी ठेव, की टाच गादीवरून पूर्ण अधांतरी राहील. मोडलेला पाय कसा ठेवायचा याच्या सूचना असतात, म्हणून उशीआधी डॉक्टरांना विचार. टाचेखाली रबरी किंवा कापडी रिंग ठेवू नकोस, तिच्या कडेनेच रक्त अडतं. जांभळ्या जागेला तेल लावून चोळू नकोस, कुणी नातेवाईक चोळत असतील तर का नको ते समजावून सांग. फोड आला तर फोडू नकोस. असे चट्टे चांगली काळजी घेऊनही कधी कधी उघडतात, हे आजोबांच्या घरच्यांना आजच डॉक्टरांकडून सांगितलं जाऊ दे. पुढे ते झालं तर त्यांना फसवल्यासारखं वाटायला नको.

आणि उद्या ड्युटीवर गेलीस की उजव्या पायाचाही मोजा काढ. मोडलेला पाय वाचवायला माणूस पलंगावर सरकताना सगळा जोर चांगल्या पायाच्या टाचेवर देतो, आणि सगळ्यांचं लक्ष सध्या डाव्या टाचेकडे आहे.